मिलानहून एक दिवस: बेर्गामो की पाविया?
मिलानच्या मुक्कामात एकच दिवस मोकळा मिळणाऱ्या एका स्नेह्यांनी, बेर्गामो पाहावे की पाविया, असे विचारले. अंतराच्या बाबतीत पाविया सरस आहे. तिथे आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येते, तर बेर्गामोला साधारण पाऊण ते एक तास लागतो. तिकिटांतील फरक किरकोळ आहे.

चालण्याचे गणित मात्र वेगळे आहे. बेर्गामोचे जुने गाव टेकडीवर असून १८८७ पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे, चढ वाचवते, तरी वरच्या दगडी गल्ल्यांत गुडघे कुरकुरतातच. सांता मारिया माज्जोरे चर्चमधील, चित्रकार लोरेंत्सो लोत्तोच्या रेखाटनांवरून लाकडाचे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रे पाहिली की तो त्रास विसरायला होतो. रात्री दहा वाजता जुन्या गावातील नागरी मनोऱ्यावर शंभर टोले पडतात. ते ऐकायचे, तर परतीची गाडी आधीच पाहून ठेवावी.

पाविया सपाट आहे, परंतु तिचे खरे वैभव असलेला चेर्तोझा हा मठ गावाच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर आहे. मिलानचा ड्यूक जान गालेआत्सो व्हिस्कोंती याने १३९६ मध्ये पाया घातलेल्या या मठाच्या संगमरवरी दर्शनी भागाच्या तळाशी रोमन सम्राटांचे चेहरे कोरलेले आहेत. सोमवारी तो सहसा बंद असतो आणि दुपारीही दार मिटते, त्यामुळे सकाळीच निघावे.

वृद्ध सोबत असतील किंवा अर्धाच दिवस हाती असेल, तर पाविया. संध्याकाळ रेंगाळत घालवायची असेल, तर बेर्गामो. स्नेह्यांचा मोकळा दिवस सोमवारच निघाला, तेव्हा मी बेर्गामोच सुचवले.