उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र: आयोगाचं पोर्टल आणि ‘मायनेता’ मतदाराच्या किती कामाचे?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी सीएसडीएस-लोकनीती या संशोधन संस्थेने मतदारांना सगळ्यात मोठा मुद्दा कोणता असं विचारलं, तेव्हा २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई सांगितली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने दाखवून दिलं की देशातली सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे आहे. आणि निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी ५०४ कोट्यधीश निघाले, असं एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेने त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून मोजलं. रोजगार आणि महागाई बघून मत देणाऱ्या माणसाला आपल्या उमेदवाराचं उत्पन्न कुठून येतं हे माहीत असायलाच हवं. त्यासाठी दोन फुकट सोयी आहेत: निवडणूक आयोगाचं प्रतिज्ञापत्र पोर्टल आणि एडीआरचं ‘मायनेता’ संकेतस्थळ.

दोन्हींचा कच्चा माल एकच, तो म्हणजे नमुना २६. उमेदवारी अर्जासोबतचं हे प्रतिज्ञापत्र २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे मतदाराला बघायला मिळतं. २०१३ पासून रकाना कोरा सोडता येत नाही. आठवण देऊनही भरला नाही तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. २०१९ पासून शेवटच्या पाच प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, हिंदू अविभक्त कुटुंबाची मालमत्ता आणि परदेशातली मालमत्ताही द्यावी लागते.

आयोगाच्या पोर्टलवर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. अर्ज भरलेले, मंजूर, नामंजूर, माघार घेतलेले आणि प्रत्यक्ष रिंगणात असलेले असे वेगळे गट करता येतात. नावावर टिचकी मारून पीडीएफ उतरवायची. कागद दाखल झाल्यापासून साधारण २४ तासांत तो इथे यायला हवा, आणि हाच पोर्टलचा सगळ्यात मोठा गुण. मात्र फाइल म्हणजे बहुतेक वेळा स्कॅन केलेली चित्रं असतात. कंपनीचं नाव टाकून शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही, हस्ताक्षर गिचमिड असेल तर मोबाइलवर वाचवतही नाही. पानं मोठ्या पडद्यावर उघडा.

‘मायनेता’ हेच आकडे टंकून तक्त्यात मांडतं. जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, देणी, गुन्हे सगळं एका पानावर मिळतं आणि आधीच्या निवडणुकीशी तुलनाही करता येते. पण टंकायला वेळ लागतो. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. एवढ्याशा काळात हजारो प्रतिज्ञापत्रं चढवायची म्हणजे मोठं काम. म्हणून ओळख ‘मायनेता’वर करून घ्यावी आणि निर्णय मूळ पीडीएफ बघूनच करावा.

आता खरं वाचन. बहुतेक जण शेवटची एकूण बेरीज बघतात आणि थांबतात. बातम्याही तिच्यावरच होतात. ती बेरीज सगळ्यात कमी सांगते. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीचा बाजारभाव वाढला तरी संपत्ती ‘दुप्पट’ दिसते. खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे रकाने बघा: गेल्या पाच वर्षांत नवं काय घेतलं ते तिथे कळतं. शेजारी त्याच पाच वर्षांची विवरणपत्रातली उत्पन्नं मांडा. खरेदी उत्पन्नापेक्षा कितीतरी जास्त आणि कर्जाचा रकाना निरंक असेल, तर प्रश्न विचारायची जागा सापडली.

दुसरी जागा नमुन्यातल्या ७ अ या रकान्यातली तिसरी ओळ: शेअर्स, रोखे, डिबेंचर. बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीच्या शेअरची किंमत चालू भावाने द्यायची असते, पण नोंदणी नसलेल्या खासगी कंपनीची हिशेबवहीप्रमाणे. समजा १० रुपयांचे १०,००० शेअर आहेत आणि वहीत मूळ किंमतच आहे, तर कागदावर एक लाख दिसेल. त्या कंपनीच्या नावावर महामार्गालगत कोट्यवधींची जमीन असली तरीही. म्हणून तिथे आकडा सोडा, कंपनीचं नाव टिपून घ्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती आणि संचालकांची नावं बघता येतात.

तिसरी जागा ९, ९ अ आणि ९ ब हे रकाने. व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी किंवा सार्वजनिक (पब्लिक) कंपनीशी असलेले ठेके. उमेदवार, जोडीदार, अवलंबित, भागीदारीतली पेढी आणि ज्यात त्यांचा वाटा आहे ती खासगी कंपनी, सगळ्यांचे ठेके इथे लिहायचे असतात. बड्या भांडवलाशी उमेदवाराचं नातं उघड करणारा अख्ख्या नमुन्यातला हाच रकाना, आणि नेमका इथेच ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ सर्रास आढळतं. शेअरच्या ओळीत बांधकाम कंपनी आणि ९ ब मध्ये निरंक अशी जोडी दिसली, तर त्या कंपनीचं नाव राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर शोधून बघा.

एक मोठं भगदाड मात्र नमुन्यातच आहे. अवलंबित म्हणजे ज्याला स्वतःचं वेगळं उत्पन्न नाही तो. कमावता मुलगा, सून, भाऊ, मेहुणा यात येत नाहीत. सगळा धंदा त्यांच्या नावावर असेल तर प्रतिज्ञापत्र स्वच्छ दिसणार आणि त्यात कायद्याने खोटंही काही नसणार. हे बदलल्याशिवाय ९ ब ला पुरेसा अर्थ नाही.

आणखी एक समज दूर व्हायला हवा. निवडणूक निर्णय अधिकारी आकडे खरे आहेत का हे तपासत नाही, रकाने भरलेत का एवढंच बघतो. खोट्या माहितीला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, पण तक्रार दुसऱ्या कुणीतरी तडीस न्यावी लागते. उमेदवाराची माहिती खोडून काढणारं विरोधी प्रतिज्ञापत्र कुणीही दाखल करू शकतं आणि तेही प्रसिद्ध होतं. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

पक्षाचा पैसा इथे नाही. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख आणि गोव्यात २८ लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला कसलीच नाही. देणग्यांसाठी आयोगाच्याच संकेतस्थळावर पक्षांचे वार्षिक अहवाल वेगळे शोधावे लागतात. त्यात २०,००० रुपयांवरच्या देणगीदारांची नावं असतात. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द झाल्यावर मार्चमध्ये खुली झालेली रोखे घेणाऱ्यांची यादीही तिथेच आहे. प्रतिज्ञापत्रातलं कंपनीचं नाव या याद्यांशी ताडून बघण्याची सोय आयोगाने दिलेली नाही. ते काम हातानेच करावं लागतं, एका उमेदवारामागे दोन तास धरा.

नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्यासाठी या पोर्टलवर वेळ घालवू नका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि ती कागदपत्रं त्याच्याकडे बघायची.