बेल्टवरची टीप मला दिसली होती

मी सांगलीत शिलाईचं काम करते. ब्लाउज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, पिको-फॉल. एकोणीस वर्षं झाली. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण टाका बघितला की तो कुठल्या मशीनवरचा आहे ते कळतं. आमची जी फसवणूक झाली, तिची खूण मला पहिल्याच दिवशी दिसली होती आणि मी गप्प बसले. जुनी मोठी गाडी घेऊन तिच्यात घरच्यांसाठी बदल करून घ्यायच्या विचारात कुणी असेल तर कृपा करून हे वाचा.

घरात आम्ही सात जण. सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं, दोन मुली आणि धाकटे भाऊजी. सासूबाईंचं माहेर रत्नागिरीजवळ, त्यामुळे वर्षातून चार वेळा तरी आंबा घाट ठरलेला. 2023 च्या दिवाळीआधी आम्ही 2012 ची स्कॉर्पिओ घेतली. ह्यांची एकच अट होती, एअरबॅग पाहिजेत. 2016 च्या मे महिन्यात ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने बिनाएअरबॅगची स्कॉर्पिओ ताशी 64 किलोमीटरने धडकवून बघितली होती आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेत तिला एकही तारा मिळाला नव्हता, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. म्हणून शोधून वरचं मॉडेल घेतलं. एजंटने किल्ली फिरवून दाखवली. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला. आमचं समाधान झालं.

मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी होती. तिथे पोरांना बसवायचं म्हणजे बेल्टच नाही, आणि वळणावर पोर या बाजूचं त्या बाजूला. एजंटने त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "वहिनी, काळजीच करू नका. बाकडी काढतो, पुढे तोंड करून अख्खी सीट टाकतो, तिघांना ओरिजनल बेल्ट देतो. एकदम कंपनीसारखं." सगळे मिळून 85 हजार सांगितले. वर पुढचा लोखंडी गार्ड फुकट. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. पैसे मात्र ह्यांनी फोनवरून पाठवले होते. पुढे तेवढंच आमच्या कामाला आलं.

गाडी ताब्यात घेताना मी मागच्या सीटवर चढले. नवीन कव्हरचा आणि सोल्युशनचा वास येत होता. सवयीने बेल्टचा पट्टा हातात घेतला. पुढच्या सीटच्या मूळ बेल्टवर जिथे पट्टा दुमडलेला असतो तिथे जाड दोऱ्याचे दाट टाके असतात, चौकोन भरून काढल्यासारखे. तशी टीप घरच्या मशीनवर मारायला गेलं तर सुई मोडते. या बेल्टवर सरळ तीन ओळी मारलेल्या होत्या. दोरा साधा, आम्ही पँटला वापरतो तसला. एका टोकाला हाताने मारलेली गाठ, पट्ट्याची कड मेणबत्तीवर जाळून बसवलेली. मी विचारलं, "हा बेल्ट कुठे शिवलाय का?" तो म्हणाला, "पोरांच्या मापाला लांबी कमी केलीय वहिनी." हे आणि भाऊजी तेव्हा समोरच्या गार्डचे फोटो काढत होते. मी पुढे काही बोलले नाही. आज वाटतं, तिथेच गाडीतून उतरून पैसे परत मागायला हवे होते.

2024 च्या मे महिन्यात रत्नागिरीला निघालो. घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे रस्त्यावर म्हशीचं रेडकू आलं. गाडी पन्नास-पंचावन्नला असेल. ह्यांनी जोरात ब्रेक दाबला, गाडी जागेवर थांबली, रेडकू निघून गेलं. कुठे धडकलो नाही की काही नाही. आणि मागून धाकटीची किंकाळी. मी वळून बघितलं तर मागची अख्खी सीट पाठीमागच्या बाजूने उचलली गेली होती आणि पुढे कलंडली होती. मुलीचा बेल्ट लावलेलाच होता, पण त्याचं लॉक त्या सीटलाच बसवलेलं. सीट उठली तशी ती बेल्टसकट पुढे गेली आणि मधल्या सीटच्या पाठीवर आदळली. खालचा ओठ फाटला, पुढचे दोन दात हलले. ओठाला चार टाके पडले. ती तेव्हा सात वर्षांची होती.

सांगलीला परत आल्यावर गाडी मिरजेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मागचं कारपेट उचललं आणि मला हाक मारली, "ताई, इकडे या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." सीटचे पुढचे पाय जुन्या बाकड्याच्या भोकांत कसेबसे अडकवलेले. मागचे दोन पाय नुसत्या पत्र्यात, पत्र्याचे स्क्रू मारून बसवलेले. पत्रा गंजून बिस्किटासारखा झालेला. जिथे स्क्रू उपटला होता तिथे पत्र्याची पाकळी वर आली होती, तिला बोट लावलं तर तुकडा पडला. खालून जाड लोखंडी पट्टी नाही, चेसिसचा म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा आधार नाही. भोक मोठं पडलं म्हणून स्क्रूखाली एकावर एक तीन वायसर घातलेले.

मिस्त्रींनी सांगितलं ते मी नंतर ह्यांच्याबरोबर बसून पडताळलं. कंपनीत बेल्ट जिथे अडकवतात त्या जागेची चाचणी घेतात तेव्हा ती सुमारे 1350 किलोच्या ओढीला टिकावी लागते. एवढं कशाला? 18 किलोचं पोर, गाडी पन्नासच्या वेगात, आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ते पोर बेल्टला अडीचशे किलोच्या वजनासारखा हिसका देतं. मोठ्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. आमच्या गाडीत हा सगळा भार गंजक्या पत्र्यावर आणि पँटच्या दोऱ्यावर होता.

मग संशय आला आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेऊन तिच्यातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. एअरबॅगचं युनिट काही उत्तरच देईना. मीटर खोलल्यावर कळलं, एअरबॅगच्या दिव्याची वायर दुसऱ्या एका दिव्याला जोडून ठेवलेली. तो विझला की हाही विझणार. त्यानंतर स्टेअरिंगच्या मधलं झाकण काढलं. आत एअरबॅग नव्हती. फोमचा तुकडा चिकटपट्टीने गुंडाळून भरला होता, झाकण हलू नये म्हणून. म्हणजे गाडीचा आधी कधीतरी मोठा अपघात झालेला, एअरबॅग फुटलेल्या, आणि नवीन टाकायच्या ऐवजी झाकण जिथे फाटलं होतं ती जागा भरून रंगवलेली. सात महिने ह्यांच्या छातीसमोर तो फोम होता. झाकण काढलेलं स्टेअरिंग बघून हे खाली पायरीवर बसले.

फुकटचा गार्ड आम्ही त्याच दिवशी काढून टाकला. असले गार्ड थेट चेसिसला बसवतात, त्यामुळे एअरबॅग असल्या तरी धडक ओळखण्यात घोटाळा होऊ शकतो, आणि समोर येणाऱ्या माणसाचं तर काही खरं नाही. केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला कळवलं होतं. टायरसुद्धा "नवीन टाकलेत" म्हणून सांगितलेले. बाजूवरचा चार आकडी नंबर बघितला तर 2914, म्हणजे 2014 सालचा एकोणतिसावा आठवडा. वरून पॉलिश मारलेलं.

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, "दादा, तक्रार करा ना. गाडी तुमच्या नावावर आहे. आरटीओवाले पहिली केस तुमच्यावर करतील." इथेच बरेच लोक माघारी फिरतात. आम्हीही दोन महिने घाबरून बसलो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. परवानगी नसताना बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवालेही त्यावरून क्लेम अडवू शकतात. आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. पण आमची चूक झाली म्हणून पैसे घेऊन खोटा बेल्ट विकायचा त्याला हक्क मिळत नाही. ओळखीच्या वकिलांनी हे समजावलं तेव्हा धीर आला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्याकडे फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, "ओरिजनल बेल्ट टाकलेत" असा त्याचा मेसेज, स्कॅनरचा रिपोर्ट आणि दवाखान्याचे कागद आहेत. मिस्त्रींनी कारपेट उचलायच्या आधी ह्यांनी व्हिडिओ सुरू केला होता, ते फार बरं झालं.

माझं एवढंच मागणं आहे, जुनी गाडी घेताना किल्लीचा दिवा बघून परत येऊ नका. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा दुसऱ्या कुठल्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझतोय का बघा, आणि व्यवहाराआधी स्वतःच्या पैशाने स्कॅनर लावून घ्या. चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अपघाताच्या कामाची नोंद आहे का विचारा. प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शिवण बघा. एक बेल्ट सोडून सगळ्यांवर सारखी शिवण असेल तर तो एक का वेगळा, हे विचारा. कारपेट उचलायला विकणारा नाही म्हणाला तर उठून या. आणि घरातल्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला काही खटकलं तर त्यांना "तुला काय कळतंय" म्हणू नका.

ती मागची सीट आम्ही काढून टाकली. आता गाडीत पाचच जण बसतात, सासूबाई आणि मामंजी रत्नागिरीला एसटीने जातात. धाकटीच्या ओठावर बारीक व्रण राहिलाय. आयोगात वकिलांनी बेल्टचा तो शिवलेला तुकडा हजर करायला सांगितलाय. मी तो उसवला नाही. तिन्ही टिपा जशाच्या तशा आहेत, गाठीसकट, मशीनच्या खणात कागदात गुंडाळून ठेवलेल्या.