'वी आर मार्शल' : संघ पुन्हा उभा करायचा का?

लेकीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हंटिंग्टनला होते. ओहायो नदीच्या काठचं गाव. जावईबापू तिथल्या एका दवाखान्यात नोकरीला आहेत. नातू ऑक्टोबरच्या शेवटी झाला. १४ नोव्हेंबरला सकाळी जावई म्हणाले, "आई, विद्यापीठात आज कार्यक्रम असतो. येता का?" एकतीस वर्षं शाळेत काढलेली मी, १४ नोव्हेंबर म्हटलं की माझ्या डोक्यात बालदिनच. लेक बाळंतिणीच्या खोलीत, तिच्याजवळ शेजारीण बसली आणि आम्ही दोघं गेलो.

मार्शल विद्यापीठाच्या आवारात धातूचं एक उंच कारंजं आहे, वर उमलत गेल्यासारखं. भोवती माणसंच माणसं, हिरवे कोट, हिरव्या टोप्या. एकेक नाव वाचत होते, फुलं ठेवत होते. पाऊणशे नावं, १९७० च्या विमान अपघातात गेलेल्यांची. शेवटी पाणी बंद केलं. पाणी थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ त्याचा आवाज चालू होता. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती, ती किती तरी वेळ तशीच. हे कारंजं आता वसंतापर्यंत कोरडं राहणार, दरवर्षी तसंच असतं, असं जावयांनी सांगितलं. त्या रात्री आम्ही घरी त्याच अपघातावरचा 'वी आर मार्शल' हा सिनेमा लावला.

सिनेमा २००६ चा, दिग्दर्शक मॅकजी, लांबी सव्वादोन तासांच्या आत. बाळाच्या दुधाच्या वेळा सांभाळत आम्ही तो दोन रात्रींत पाहिला. नंतर मी एकटीने पुन्हा पाहिला. एका खेळाच्या बाईंना तो कसा वाटला, ते लिहिते.

आधी घडलं ते. १४ नोव्हेंबर १९७० ला मार्शलचा फुटबॉल संघ (अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळतात तो; आपला फुटबॉल म्हणजे तिकडचा सॉकर) नॉर्थ कॅरोलिनात ईस्ट कॅरोलिनाविरुद्ध १७–१४ असा हरला आणि खास ठरवलेल्या विमानाने परत निघाला. धुकं, पाऊस. हंटिंग्टनचा विमानतळ टेकडीवर आहे. धावपट्टी दिसायच्या आधीच विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं, अलीकडच्या टेकडीवरच्या झाडांना लागलं आणि कोसळलं. आतले ७५ च्या ७५ गेले. ३७ खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांच्या हाताखालची मिळून आठ माणसं, संघासोबत गेलेली गावातली २५ मंडळी, विमानाचे पाच कर्मचारी. त्या २५ जणांत गावातले डॉक्टर होते, नगर परिषदेतले होते. कित्येक ठिकाणी नवरा-बायको दोघंही त्याच विमानात होते. एका फेरीत गावातली किती घरं बसली असतील, याचा हिशेब मनातल्या मनात करून बघा.

सिनेमा सुरू होतो तो त्याच कारंज्यापासून. अपघात दाखवताना दिग्दर्शकाने जो संयम ठेवलाय, त्याला माझे पहिले गुण. विमानात गप्पा चालल्यात, पोरं दमून बसलीत, आणि एका क्षणी पडदा काळा. किंकाळ्या नाहीत, आगीचा तमाशा नाही. पुढचं सगळं गावातल्या माणसांच्या तोंडावर दिसतं. घरच्यांना हे बघावं लागणार आहे, याची जाण ठेवून काढलेलं ते दृश्य आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९९३ साली मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत मुलींचा खो-खो घेत होते. राहायला औशाला, जाऊन-येऊन नोकरी. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं झोपेत असलेल्या माणसांवर आलं. माझ्या संघातल्या बारा मुलींपैकी चार गेल्या. एक त्या रात्री मामाकडे गेली होती म्हणून वाचली. ती मला म्हणाली होती, "बाई, मी तिकडं जायलाच नको होतं." चौदा वर्षांची पोर. तिला काय उत्तर द्यावं, मला त्या दिवशीही सुचलं नाही, आजही सुचत नाही.

त्यामुळे सिनेमातला नेट रफिन (अँथनी मॅकी) बघताना माझा जीव खालीवर होत होता. हा खरा खेळाडू. दुखापतीमुळे त्या सामन्याला गेला नव्हता, म्हणून राहिला. मॅकीने त्याचा राग फार नेमका पकडलाय. रडण्यापेक्षा तो चिडतो जास्त, सरावात अंगावर येतो, कुणी हसलेलं त्याला खपत नाही. जी पोरं मागे राहतात ती अशीच होतात. मॅथ्यू फॉक्सने केलेले रेड डॉसन हे सहायक प्रशिक्षकही खरे. नवे खेळाडू शोधायला ते मोटारीने गेले होते, म्हणून विमानात नव्हते. पोरांच्या आयांना त्यांनी शब्द दिलेला असतो, तुमच्या मुलाकडे मी बघेन म्हणून. ते हे सांगतात तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि उठून पाणी प्यायले. आईला दिलेला शब्द काय असतो, ते मुलींना एसटीने तालुक्याला, जिल्ह्याला नेणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा.

सिनेमाचा खरा प्रश्न पहिल्या अर्ध्या भागात आहे : संघ पुन्हा उभा करायचा का? विद्यापीठाचे प्रभारी अध्यक्ष डेडमन (डेव्हिड स्ट्रॅथेर्न) थांबवायच्या विचारात असतात. गावातले एक वजनदार गृहस्थ, पॉल ग्रिफेन, ज्यांचा मुलगा गेलाय, तेही नको म्हणतात. इयन मॅकशेन या नटाने ग्रिफेन केलाय आणि माझ्या मते सगळ्या सिनेमात हाच माणूस खरा वाटतो. गंमत अशी की तो खराखुरा नव्हता. तो आणि त्याच्या मुलाची वाग्दत्त वधू ॲनी (केट मारा) ही दोन्ही पात्रं रचलेली आहेत. मला हे योग्य वाटलं. खऱ्या बापाचं नाव घेऊन त्याच्या तोंडी वाक्यं घातली असती, तर त्याच्या उरलेल्या घराला ते आयुष्यभर पुरलं असतं. दहा घरांचं दुःख एका रचलेल्या माणसात ठेवलं की कुणा एकाचं घर उघडं पडत नाही.

ग्रिफेनला सिनेमाने खलनायक केलं नाही, याचं मला फार समाधान आहे. त्याचं म्हणणं चूक नाही. आमच्याकडे पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची, पुढे मोकळं रान. मी तिथे आखणी करून नव्या मुली घेतल्या, तेव्हा गेलेल्या एका मुलीचे वडील रोज संध्याकाळी कडेला येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत. मी खेळ घेतेय हे त्यांना आवडतंय की टोचतंय, मला कधीच कळलं नाही. सिनेमात ग्रिफेन तसाच दुरून बघत राहतो. मॅकशेन त्या उभ्या राहण्यातच सगळं सांगतो.

आता जिथे सिनेमा घसरतो तिथे येते. विश्वस्तांची बैठक चालू असते आणि बाहेर चौकात हजारो विद्यार्थी 'वी आर... मार्शल!' अशी आरोळी ठोकतात, मग आतल्यांचं मन बदलतं. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण असा मोर्चा झालाच नव्हता, आणि ही घोषणाही त्या काळातली नाही, पुढे आलेली आहे. माझी तक्रार इतिहासापुरती नाही. ज्या प्रश्नावर एकेका घरात महिनोन् महिने जेवणं कडू झाली असतील, तो प्रश्न या दृश्याने आवाजावर सोडवून टाकला. ज्यांना नको होतं ते त्या गर्दीपुढे एकदम एकटे पडतात. आमच्याकडे कुणी घोषणा दिली नाही. एका मुलीने, "बाई, यंदा सराव कधी?" एवढंच विचारलं होतं.

नवे प्रशिक्षक जॅक लेंगेल म्हणजे मॅथ्यू मॅकॉनहे. ओहायोतल्या वूस्टर या छोट्या कॉलेजातून आलेला हा माणूस ज्या गावाने काहीच गमावलं नाही तिथून आलाय, म्हणून त्याला बोलता येतं. हे बरोबर पकडलंय. पण मॅकॉनहे मान वाकडी करून, तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलत राहतात, ते माझ्या डोळ्यांना खुपलं. त्यांनी थोडं कमी केलं असतं तरी चाललं असतं.

संघबांधणीचा भाग मात्र मी जीव लावून पाहिला. त्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती. मार्शलला ती खास मिळाली. दुसऱ्या खेळातली पोरं आणली, सॉकर खेळणाऱ्याला चेंडू लाथाडायला घेतलं. लेंगेल आणि डॉसन राज्यातल्याच मोठ्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्याकडे डावपेच शिकायला जातात, आणि ते प्रतिस्पर्धी असून आपलं सगळं उघडून ठेवतात. त्यांच्या खेळाडूंच्या हेल्मेटवर मार्शलसाठी हिरवा क्रॉस लावलेला दिसतो. हे दोन्ही खरं आहे. या दृश्याला संगीत नसतं तरी मी रडले असते.

शेवट झेवियरविरुद्धच्या सामन्याचा. २५ सप्टेंबर १९७१, घरच्या मैदानावर, अगदी शेवटच्या डावात मार्शल १५–१३ जिंकतो. हेही खरं. जावयांनी मला तो शेवटचा डाव समजावून सांगितला : समोरच्यांना मुद्दाम अंगावर येऊ द्यायचं आणि मोकळ्या झालेल्या बाजूला हळूच चेंडू द्यायचा. म्हणजे हुलकावणीच, खो-खोतल्यासारखी. तो क्षण दिग्दर्शकाने इतका लांबवलाय, इतका संथ केलाय, की मला वाटलं आता सगळे मेलेले परत येतील. त्या मोसमात मार्शल दोन सामने जिंकला आणि आठ हरला. जिंकण्यापेक्षा जास्त हरण्याचे मोसम १९८४ पर्यंत संपले नाहीत, विजेतेपदं आली ती १९९२ आणि १९९६ ला. सिनेमा हे शेवटी बोलून दाखवतो, पण बोलूनच. हरत हरत दरवर्षी संघ उतरवणं यातच गावाचं खरं धाडस होतं, असं मला वाटतं. माझ्या नव्या मुली पहिल्याच सामन्यात डावाने हरल्या. परतीच्या एसटीत त्या भेंड्या खेळत होत्या. मला तो प्रवास आठवतो.

डॉसनना सिनेमाने झेवियरच्या सामन्यानंतर जाताना दाखवलंय. खरे डॉसन तो अख्खा मोसम थांबले आणि मग प्रशिक्षण सोडलं. रोज सकाळी उठून त्या मैदानावर जायचं, आठ वेळा हरायचं, आणि तरी मोसम पुरा करायचा. ते दाखवलं असतं तर त्या माणसाला न्याय मिळाला असता.

आणखी एक उणीव, आणि ती मोठी आहे. सिनेमात दुःख हंटिंग्टनपुरतंच राहतं. गेलेली पोरं कुठून कुठून आलेली होती. अलाबामातल्या टस्कलूसा गावच्या एकाच शाळेतून, ड्रुइड हायस्कूलमधून आलेली चार कृष्णवर्णीय मुलं त्या विमानात होती. चार शवपेट्या त्या गावी गेल्या असतील, त्या दिवसाचं एकही दृश्य नाही. विमानाच्या पाच कर्मचाऱ्यांची घरंही नाहीत. अपघात का झाला, यालाही सिनेमा हात लावत नाही. चौकशीत विमान खाली आल्याचं कळलं, पण पायलटकडून उपकरणं वाचण्यात चूक झाली की उंची दाखवणारं यंत्रच चुकलं, याचा निकाल लागला नाही. दोष द्यायला माणूस नाही, असं दुःख कसं वागवायचं, हे मला बघायचं होतं.

पण गावाने सिनेमा आपला मानलाय, हेही सांगायला हवं. चित्रीकरण तिथे झालं तेव्हा गावकरी गर्दीत उभे राहिले, आणि डिसेंबर २००६ मध्ये पहिला खेळ गावातल्याच जुन्या कीथ-अल्बी थिएटरात झाला. ज्यांचं दुःख त्यांच्या दारात जाऊन दाखवायला हिंमत लागते, आणि ती या लोकांनी दाखवली.

बघावा का? जरूर बघा. शाळेत खेळ शिकवणाऱ्यांनी तर बघाच, आठवीच्या पुढच्या मुलांना सोबत घेऊन बघितला तरी चालेल. फुटबॉल कळायची गरज नाही. मिळाला तर नंतर २००० सालचा 'ॲशेस टू ग्लोरी' हा माहितीपटही बघा. त्यात घरची माणसं स्वतः बोलतात, आणि सिनेमात जिथे संगीत वाढतं तिथे ती नुसती गप्प होतात.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी नातवाला बाबागाडीत घालून स्प्रिंग हिल दफनभूमीत गेले. ओळख न पटलेल्या सहा खेळाडूंच्या कबरी तिथे शेजारी शेजारी आहेत. सिनेमात लेंगेल सामन्याआधी संघाला तिथेच आणून मोठं भाषण करतात. मी गेले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. एका दगडावर कुणीतरी हिरवी टोपी ठेवली होती, थंडीने कडक झालेली. मी ती सरळ केली आणि गाडी वळवली.