किटलीतल्या क्षारांसाठी व्हिनेगर की सायट्रिक अ‍ॅसिड?

वहिनीच्या किटलीत तळाला पांढरा थर बसलाय. पांढरं व्हिनेगर आणावं की सायट्रिक अ‍ॅसिडची पूड, हे तिचं ठरेना. बाटल्यांवरचे दावे बाजूला ठेवू. थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो दोन्हींनी विरघळतो. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे.

खरा फरक वासाचा. व्हिनेगर तापलं की घरभर आंबट दर्प सुटतो, आणि दोनदा धुऊनही पहिल्या चहाला त्याची आठवण राहते. सायट्रिकला वास नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे पूड घालून अर्धा तास ठेवायची, बस्स. फक्त ते खळखळ उकळू नका. कॅल्शियम सायट्रेटचा नवाच थर बसू शकतो.

साठवणीत पूड सुटसुटीत, पण दमट हवेत तिचा दगड होतो. व्हिनेगर वर्षानुवर्षं टिकतं.

मात्र व्हिनेगरला मोजमाप लागत नाही, त्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतंच. काच पुसायला निम्मं पाणी घाला. केसांना कपभर पाण्यात एक चमचा पुरे. तिथे अंदाजाने कालवलेली पूड मी तरी वापरणार नाही.

संगमरवरावर दोन्ही नकोत, चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर मुळीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

किटली आणि शॉवरची जाळी वारंवार साफ करायची असेल तर सायट्रिक. काच, केस आणि स्वयंपाक एकाच बाटलीत भागवायचं असेल तर व्हिनेगर. वहिनीने पूड घ्यावी.