सिग्नलला उभी गाडी: माइल्ड हायब्रिड घ्यावी की स्ट्राँग?

मे महिन्यात भर दुपारी इंदूरच्या जवाहर मार्गावर अडकल्यावर गाडी कशी वागते, एवढ्या एका गोष्टीवरून मी गाडी बदलली. आधी चार वर्षं माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक होती, आता दीड वर्ष स्ट्राँग हायब्रिड आहे. दोन्हींत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. रस्ता तोच: सुदामा नगर, महू नाका, जवाहर मार्ग, पलासिया, एलआयजी, विजय नगर. किमती आणि फीचर्स तुम्ही पाहिलीच असतील, म्हणून मी फक्त बॅटरीबद्दल लिहितो. या दोन गाड्यांमधला खरा फरक रांगत जाणाऱ्या गर्दीतच कळतो, आणि शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला नेमके मोकळ्या रिंग रोडवर नेतात.

माइल्ड हायब्रिडमधली मोटर म्हणजे इंजिनाला बेल्टने जोडलेला जरा ताकदवान आल्टरनेटर. गाडी वेग कमी करते तेव्हा तो थोडी वीज छोट्या लिथियम बॅटरीत साठवतो, पिकअप घेताना इंजिनाला हात देतो, आणि सिग्नलला इंजिन आपोआप थांबलं की ते पुन्हा हलकेच सुरू करतो. एकट्याच्या बळावर तो गाडी ओढू शकत नाही. त्याबद्दल तक्रार नाही, तसा कोणी दावाही करत नाही. अडचण एसीची आहे. कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो, त्यामुळे इंजिन थांबलं की गारवा थांबला. ब्लोअर तेवढा वारा घालत राहतो.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला तपासणीला पलासियाला न्यावं लागायचं. काळा चष्मा लावून ती मागे बसायची. गाडी थांबली, इंजिन थांबलं, आणि अर्ध्या मिनिटात जाळीतून कोमट, कुबट वारा यायला लागायचा. आई पदर नाकाला लावायची आणि विचारायची, "बंद पडली का रे?" मी नाही म्हणेपर्यंत इंजिन परत सुरू. गाडी वीस पावलं पुढे जायची की पुन्हा तेच. एका फेरीत तिने हे सहा-सात वेळा विचारलं असेल. इंजिन असं आपोआप थांबणं बंद करायचं बटण होतं, पण दर वेळी गाडी सुरू केली की ते आपलं पूर्वपदावर. आणि बटण दाबूनच चालवायची, तर हायब्रिड म्हणून काय घेतलं?

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. रांगत्या गर्दीत गाडी वेग पकडतच नाही, म्हणून ब्रेकमधून भरण्यासारखं काही उरत नाही. तीन-चार थांब्यांनंतर छोटी बॅटरी खाली येते आणि इंजिन बंद होणंच थांबतं. म्हणजे जिथे तिची सगळ्यात जास्त गरज, तिथे ती साधी पेट्रोल गाडी होऊन बसते. निदान माझी व्हायची.

स्ट्राँग हायब्रिडचा हिशेब वेगळा आहे: इथे मोटर इंजिन बंद ठेवून एकटीही गाडी ओढू शकते. मारुतीच्या ग्रँड विटारा आणि टोयोटाच्या हायरायडरची बॅटरी 0.76 किलोवॅट-तासाची, होंडा सिटीचीही जवळपास तेवढीच. फक्त विजेवर चालणाऱ्या टियागो ईव्हीची छोटी बॅटरीसुद्धा 19.2 ची असते, हे पाहिलं की ही किती लहान आहे ते कळतं. तीही पूर्ण वापरली जात नाही. आयुष्य टिकावं म्हणून गाडी तिला कधी तळाला जाऊ देत नाही आणि कधी काठोकाठ भरत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवत ठेवते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवरचा, याच बॅटरीवर चालणारा, म्हणून इंजिन बंद असतानाही वारा गारच येतो.

आता ढोबळ गणित. अर्धी बॅटरी वापरायला मिळाली आणि एसीने एक किलोवॅट घेतला असं धरा: उभ्या गाडीत वीस-बावीस मिनिटं निघतात. उन्हात तापलेली गाडी नुकतीच बाहेर काढलेली असेल तर एसी जास्त खातो आणि वेळ बराच घटतो. माझा अनुभवही तसाच आहे. दिवाळीच्या सुमारास महू नाक्यापासून पलासियापर्यंत इंजिन फार तर दोनदा जागं होतं. मे महिन्यात दर पाच-सात मिनिटांनी.

हाच या गाडीचा खटकणारा भाग. सिग्नलला तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून शांत उभे असता, स्क्रीनवर चार्जच्या दोन कांड्या उरतात, आणि काहीही न करता इंजिन घुमायला लागतं. नवख्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं: इंजिन जनरेटर फिरवून बॅटरी भरत असतं, दोन-तीन मिनिटांत कांड्या वर येतात आणि ते गप्प होतं. आईने पहिल्यांदा विचारलं, "आता का चालू झाली?" मी म्हणालो, बॅटरीला खाऊ घालतेय. पुन्हा तिने विचारलं नाही. वारा गार होता, तेवढं तिला पुरे होतं.

या इंजिनाला वेगळा स्टार्टर नसतो, मोटरच त्याला फिरवून जागं करते, म्हणून तो जुना झटकाही नाही. तरी आवाज येतो, आणि पूर्ण शांतता हवी असेल तर त्याने तुमची निराशा होईल हे आधीच सांगतो.

हा त्रास निम्मा तरी आपल्या सवयींमुळे वाढतो. सिग्नलला न्यूट्रल टाकायची आपल्याला जुनी खोड आहे. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरतच नाही, इंजिन चालू असलं तरीही. डीमध्ये (ड्राइव्ह) ब्रेकवर राहा, थांबा लांबला तर पी (पार्किंग) लावा. दुसरं म्हणजे ईव्हीचं, गाडी फक्त बॅटरीवर चालवायचं बटण. गर्दी दिसली की ते दाबायचा मोह होतो, मीही पहिला महिनाभर दाबत होतो. त्याने बॅटरी भराभर उतरते आणि मग इंजिन जास्त वेळ घरघरत राहतं. गाडीवर सोडून दिलं तर ती पुढे सरकताना, इंजिन तसंही चालू असतं तेव्हाच, थोडं जादा भरून घेते. आणि ब्रेक लांबून, हलका लावा. हलक्या ब्रेकला मोटर वीज गोळा करते. शेवटच्या क्षणी जोरात दाबलात की डिस्क तापतात आणि ती कमाई वाया जाते. एलआयजीचा सिग्नल लाल दिसला की मी दोनशे पावलं आधीच पाय सोडतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या घाटात याच बॅटरीची दुसरी बाजू दिसते. सव्वा-दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली आली, तर कागदावर जवळजवळ अर्धी बॅटरी भरेल इतकी ऊर्जा सुटते. त्यामुळे घाट संपायच्या आधीच कांड्या भरतात आणि मोटरची पकड सैल पडते. तिथे बी गिअर (उतारावर इंजिनाचा ब्रेक लावणारा) असेल तर टाकावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. शहरात मात्र बी लावून फिरू नये, त्याने काही वाचत नाही.

टाकी-टू-टाकी सांगायचं तर त्याच रस्त्यावर, एसी चालू ठेवून, जुनी गाडी लिटरला अकरा-बारा देत होती, ही वीस-एकवीस देते. कंपन्यांचे 27-28 चे आकडे मला इंदूरच्या रस्त्यावर कधी दिसले नाहीत. तुमचा पाय हलका असेल तर थोडं वर जाईल.

माइल्डच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी आहेत. तुमचं येणं-जाणं मुख्यतः भोपाळ, देवास, पुणे असं हायवेचं असेल तर बॅटरीला भरायची-उतरायची संधीच कमी मिळते, आणि वरचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. तेव्हा माइल्ड मॅन्युअल घ्या, उगाच भुलू नका. दुसरी गोष्ट डिकीची. स्ट्राँगमध्ये बॅटरीमुळे ती उथळ होते. बायको भजनाला रामबागेत जाते. जुन्या गाडीत पेटी आणि तबला-डग्गा दोन्ही मागे मावायचे, आता पेटी मागच्या सीटवर बसते, तिला पट्टा लावतो.

गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीची धास्ती मी फार घेत नाही. मारुती आणि टोयोटा तिच्यावर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात. सांभाळायची ती साधी बारा व्होल्टची. रामबागेत बायकोची वाट बघत गाडी नुसती अर्धवट ऑन ठेवून मी तासभर गाणी ऐकली, आणि निघताना स्क्रीनवर गाडी निघायला तयार असल्याची 'रेडी'ची खूण काही येईना. मोठ्या बॅटरीत चार्ज होता, पण तिला जागं करणारी छोटी मेली होती. थांबून एसी किंवा गाणी लावायची असतील तर गाडी 'रेडी'वरच ठेवा.

अजून मन होत नसेल तर शोरूमला सांगा की टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी साडेसहाला हवी, राजवाड्याच्या बाजूने. एसी 23 वर ठेवा, घरातलं वडीलधारं माणूस मागे बसवा, आणि पहिली दहा मिनिटं स्क्रीनकडे न बघता मागून काय विचारलं जातं ते ऐका.