ओटीवाली कंपनी की बेसिकवाली?

चाकणला दोन ऑफर आल्यात, कुठली घेऊ, असं एकाने विचारलं. एकीकडे बेसिक, म्हणजे मूळ पगार, कमी पण ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, भरपूर, दुसरीकडे बेसिक बरं आणि साडेतीनला सुट्टी. मी दोन्हीकडे घासलोय, म्हणून सांगतो.

सात तारखेला, पगाराच्या दिवशी, ओटीवालीच जिंकते, यात वाद नाही. जादा तासाला दुप्पट दर हा 1948च्या कारखाना कायद्यापासूनचा नियम. तो पाळणारी कंपनी असेल तर चार तास थांबलं की अख्खी एक हजेरी जास्तीची. वय कमी, खोली जवळ, डोक्यावर हप्ते असतील तर मी अडवणार नाही.

मला खुपायची ती अडीचची वेळ. सुपरवायझर वही घेऊन लाइनवर फिरायचा, "थांबणार का?" कंपनीची बस पावणेचारला सुटायची, नंतर ज्याचं त्याने बघायचं. बाइकवाले लगेच हो म्हणायचे. माझ्या शेजारच्या मशिनवरच्या ताई कधीच नाही; पोरगी पाळणाघरात, पाचच्या आत न्यायलाच हवी. काम तेच, बेसिक तेवढंच, हात माझ्यापेक्षा चपळ. तरी पगार दर महिन्याला माझ्याहून कमी. मग माझी बाइक तीन आठवडे गॅरेजला पडली आणि त्या महिन्यात माझी स्लिप जवळपास त्यांच्यासारखीच आली.

आता हे आणखी ताणलं जाणार. सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिमाहीतल्या ओटीची मर्यादा 115 तासांवरून 144 करायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीने. दुप्पट दराने हिशेब मांडा: पूर्ण ओटी करणारा आणि अजिबात न करणारा यांच्यात तिमाहीला 29 दिवसांच्या पगाराचं अंतर पडायचं, ते 36 दिवसांवर जाईल. पाळणाघर मात्र पाचलाच बंद होणार.

बेसिकवालीत दिवाळीच्या तोंडावर हात आखडतो, खोटं कशाला बोलू. पण ऑर्डर घटली की आधी ओटी बंद होते, तो धसका इथे नाही. शिवाय पीएफ ओटीवर कापला जात नाही, त्यामुळे तिथली वर्षं भरतात पण खातं त्या मानाने भरत नाही. ज्याची त्याची गरज वेगळी, हे मान्य; मी तरी इथेच टिकलो.

मध्ये एका ओटीवाल्या कंपनीत पुन्हा इंटरव्ह्यू दिला होता. ओटीनंतर बस सुटते का, एवढंच विचारलं. समोरचा म्हणाला, "का, गाडी नाही तुमच्याकडे?"