प्रदर्शनातली दहा फुटी पट्टी दुकानात साडेनऊ फूट भरते

चित्रं-फोटोंच्या फ्रेमिंगच्या प्रदर्शनात, मग ते गोरेगावला असो की दिल्लीच्या प्रगती मैदानात, फ्रेमच्या पट्टीचा नमुना म्हणून स्टॉलवर वीतभर कोपरा टांगलेला असतो. त्यावरून रंग आणि नक्षी कळते. लांबी कळत नाही, पट्टीचा बाक (वाकडेपणा) कळत नाही, आणि गंडा तिथेच बसतो.

सिंथेटिक (पॉलिस्टायरीनची) पट्टी बहुधा २.९ मीटरची, म्हणजे साडेनऊ फुटांची येते. सौदा मात्र तोंडी ‘दहा फुटी’ म्हणून होतो आणि बिलही दहा फुटांचंच लागतं. शंभर पट्ट्यांमागे पन्नास फुटांचे पैसे फुकट जातात. त्याहून जास्त नुकसान कापताना होतं. एक इंच रुंद पट्टीच्या १२ × १८ फ्रेमला परिमितीचे ६० आणि कोपऱ्यांचे ८ (रुंदीच्या आठपट) मिळून ६८ इंच लागतात, ८ × १० ला ४४. एकूण ११२. दहा फुटांत दोन्ही फ्रेम निघून ८ इंच उरतात. साडेनऊ फुटांत दोनच. आठ कापांत पात्याने खाल्लेली जाडी आणि काचेसाठी सोडायची सैल जागा यांतच ते संपतात. एखादं टोक वाहतुकीत चेपलं असलं की दुसरी फ्रेम गेलीच. म्हणून ऑर्डरवर ‘दर फुटाला, प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीवर’ असं लिहून घ्यावं. गठ्ठ्यातली एक अख्खी पट्टी मागून टेबलावर आडवी ठेवावी, बाक लगेच दिसतो.

अंडरपिनरचं (फ्रेमचे कोपरे खिळ्यांनी जोडणाऱ्या मशीनचं) प्रात्यक्षिक हमखास सिंथेटिक पट्टीवरच करतात. ती मऊ असते, व्ही-नेल (इंग्रजी व्हीच्या आकाराचा खिळा) अलगद शिरते, जोड आरशासारखा दिसतो. तेच मशीन सागवानावर नेलं की खिळा वाकतो, एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) थर सुटतो. कठीण लाकडासाठीचे खिळे वेगळे असतात आणि ते त्या मशीनला बसतीलच असं नाही. पिशवीत सागवानाचे आणि एमडीएफचे ४५ अंशात कापलेले चार-चार तुकडे न्यावेत, गोंद न लावता जोडायला सांगावं. विक्रेता ‘आत्ता कॉम्प्रेसरचं प्रेशर कमी आहे’ म्हणाला, तर समजून जावं.

‘ॲसिड-फ्री’ माउंटबोर्डचं (चित्राभोवती खिडकी कापून लावायच्या जाड पुठ्ठ्याचं) तर विचारूच नका. पुष्कळदा वरचा कागदच तेवढा तसा असतो, गाभा साध्या लगद्याचा. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेनची रेघ पृष्ठभागावर न मारता तिरप्या कापावर मारावी. तिथे आम्लता दिसली तर काही काळाने खिडकीची कड पिवळट-तपकिरी पडणार, आणि जलरंगाचं चित्र घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहणार.

महाराष्ट्रातल्या प्रदर्शनात जागेवर माल देणाऱ्या परराज्यातल्या विक्रेत्याला तेवढ्या दिवसांपुरती इथे जीएसटीची तात्पुरती नोंदणी लागते. तो क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का, ते तिथेच बघावं. कच्च्या चिठ्ठीवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही आणि तक्रार करायला पत्ताही उरत नाही. निम्मी रक्कम आगाऊ मागितली तर फर्मच्या खात्यावरच द्यावी, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. पसंत केलेल्या कोपऱ्यावर मागच्या बाजूला दोघांच्या सह्या, मॉडेल क्रमांक आणि तारीख घालून तो आपल्याकडे ठेवावा. माल आला की बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी एक गठ्ठा उघडून मापाची टेप लावावी, आणि कमी भरला तर तसं बिल्टीवरच लिहावं.